घास पोटात उतरत नाही तेव्हा: मुलांमधला अकॅलेशिया

जेवायला बसलेलं मूल तासभर उठत नाही. घासागणिक पाणी मागतं, मधेच ताठ होऊन छाती पुढे काढतं, कधी उठून दोन फेऱ्या मारून परत ताटावर येतं. रात्री झोपल्यावर उशी ओली होते, खोकल्याची उबळ येते. घरात आधी ते नखरे ठरतात, मग अ‍ॅसिडिटीचं औषध सुरू होतं, मग खोकल्यासाठी इन्हेलर. अशा बहुतेक मुलांचा त्रास खरोखर साधाच असतो आणि तो बरा होतो. फार थोड्यांना मात्र अकॅलेशिया कार्डिया, म्हणजे जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैलच न पडण्याचा आजार असतो. वर्षाला दहा लाख मुलांमागे एक-दोघांनाच तो होतो, त्यामुळे एखाद्या चांगल्या बालरोगतज्ज्ञालाही असा रुग्ण उभ्या कारकिर्दीत भेटलेला नसू शकतो. निदानाला महिने, कधी वर्षं लागतात ती यामुळेच. या आजाराची ओळख आईवडिलांनाही असावी, कारण डॉक्टरांना दिशा देणारी सगळ्यात महत्त्वाची माहिती जेवणाच्या ताटापाशीच मिळते.

आपण घास गिळतो तेव्हा तो नुसता खाली पडत नाही. घशापासून अन्ननलिकेच्या टोकापर्यंत स्नायूंच्या आकुंचनाची एक लाट निघते आणि घास पुढे ढकलत नेते. मोठ्या माणसाची अन्ननलिका सुमारे 25 सेंटिमीटर लांब असते आणि ही लाट आठ-दहा सेकंदांत खाली पोचते. नवजात बाळाची अन्ननलिका 8 ते 10 सेंटिमीटरच असते. जठराच्या तोंडाशी एक झडप असते. हा काही वेगळा अवयव नाही. अन्ननलिकेचे गोल स्नायूच तिथे कायम आवळलेले असतात, म्हणजे जठरातलं आम्ल वर येत नाही. गिळायला सुरुवात होताच ही झडप सैल पडते आणि घास आत गेला की पुन्हा आवळते.

हे सैल पडणं आपोआप होत नाही. अन्ननलिकेच्या दोन स्नायूथरांच्या मधे मज्जापेशींचं, म्हणजे नर्व्ह सेल्सचं बारीक जाळं असतं. त्यातल्या काही पेशी अ‍ॅसिटिलकोलीन सोडून स्नायू आवळतात, काही नायट्रिक ऑक्साइड सोडून तो सैल करतात. अकॅलेशियात दुसऱ्या प्रकारच्या पेशी हळूहळू नष्ट होतात. आवळणाऱ्या पेशी उरतात, त्यामुळे झडप बंदच राहते. वरची लाटही विस्कटते, कारण स्नायू ठरलेल्या क्रमाने आवळायचे तर आधी त्यांनी सैल असावं लागतं. मग घास खाली जाण्याचा एकच मार्ग उरतो: वर अन्नाचा आणि पाण्याचा एवढा स्तंभ साचायला हवा की त्याच्या वजनाने झडप थोडी फाकेल. घासागणिक पाणी, ताठ बसणं, हात वर करणं, जेवताना उभं राहणं या सगळ्या लकबी मुलानं स्वतःच शोधलेले उपाय असतात. त्यावरून त्याला रागावू नये.

या पेशी का मरतात? बहुतेक रुग्णांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्यांच्यावर उलटते, असं मानलं जातं. एखाद्या विषाणूचा संसर्ग त्याला निमित्त होत असावा. दक्षिण अमेरिकेत शागास नावाच्या परजीवी आजारानेही हुबेहूब अशीच अन्ननलिका होते. तिखट खाणं, भरभर जेवणं, लहानपणी बाटलीने दूध पाजणं यांचा याच्याशी काहीही संबंध नाही. आईने काही चुकीचं केलं म्हणून हा आजार होत नाही, हे घरातल्या सगळ्यांनी ऐकलेलं बरं.

उलटी, की नुसतं वर आलेलं अन्न?

निदानाची किल्ली बहुतेक वेळा इथेच असते. खऱ्या उलटीआधी मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं, पोट आणि छाती जोराने आवळते आणि बाहेर पडतं ते आंबट किंवा पिवळसर असतं. अकॅलेशियात अन्न जठरात गेलेलंच नसतं. मूल वाकलं, आडवं झालं, खोकललं की ते सहज वर येतं. भाताची शितं शितांसारखीच दिसतात, दूध फाटलेलं नसतं, पित्त कधीच नसतं, सोबत फेसाळ लाळ असते. सकाळी वर आलेल्या घासात रात्रीच्या जेवणातला वाटाणा दिसला, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. एक अपवाद लक्षात ठेवा: अन्न अन्ननलिकेत खूप तास साचलं तर तिथेच आंबतं आणि मग त्यालाही आंबट वास येऊ शकतो. म्हणून नुसता वास आला किंवा आला नाही, एवढ्यावर निष्कर्ष काढू नये.

दुसरी खूण म्हणजे घन आणि पातळ दोन्ही अडकणं. अन्ननलिका एखाद्या जागी अरुंद झाली असेल, म्हणजे चुकून अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा प्यायल्याने व्रण झाला असेल, तर आधी पोळी-भाकरी अडकते आणि पातळ पदार्थ बरेच दिवस व्यवस्थित जातात. अकॅलेशियात पाणीही कधी जातं, कधी नाही. आज पोळी गेली आणि उद्या ताक अडकलं, असं होतं. या अनियमितपणामुळेच ‘काल तर छान जेवला होतास’ हा आरोप मुलावर येतो.

लहान बाळांत चित्र आणखी धूसर असतं. ती सांगू शकत नाहीत. खोकला, वारंवार न्यूमोनिया, वजन न वाढणं आणि पाजल्यावर दूध वर येणं एवढंच दिसतं. पण पहिल्या वर्षात दूध वर येणं ही फार मोठ्या संख्येने बाळांत दिसणारी, निरुपद्रवी गोष्ट आहे. चौथ्या महिन्याच्या आसपास ती सर्वांत जास्त असते आणि वर्ष-दीड वर्षात थांबते. बाळ हसतंखेळतं आहे आणि वजन तक्त्यातल्या आपल्या रेषेवर आहे, तर अकॅलेशियाची भीती बाळगायचं कारण नाही. काळजी करायची ती वजनाची रेषा खाली वळली, गिळताना गुदमरायला लागलं, किंवा त्रास दीड वर्षानंतरही चालू राहिला तर. मुळात अकॅलेशियाच्या सगळ्या रुग्णांत पंधरा वर्षांखालची मुलं शंभरात पाचसुद्धा नसतात, आणि त्यातही तो शाळकरी वयात आणि किशोरवयात जास्त आढळतो.

शाळकरी मुलांच्या बाबतीत तीन गैरसमज वारंवार होतात. पहिला अ‍ॅसिडिटीचा. चार ते आठ आठवडे नीट औषध घेऊनही गिळण्याचा त्रास तसाच असेल, तर गोळी बदलून पाहण्यापेक्षा तपासणी करायला हवी. दुसरा दम्याचा, कारण रात्री साचलेलं अन्न श्वासनलिकेत उतरून खोकला आणि घरघर होते. तिसरा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा: वजन घटलं, रात्रीचा खोकला आहे, छातीच्या एक्स-रेवर सावली आहे, म्हणजे क्षयरोग. क्षयाची शंका घेणं योग्यच आहे, आणि छातीतल्या क्षयाच्या गाठी बाहेरून अन्ननलिकेला दाबूही शकतात. पण अकॅलेशियाच्या रुग्णांच्या फुप्फुसात फॉर्च्युइटम नावाच्या वेगळ्या मायकोबॅक्टेरियाचा, म्हणजे क्षयाच्या जंतूच्याच कुळातल्या दुसऱ्या जंतूचा संसर्ग होतो असं आढळलेलं आहे. थुंकीच्या साध्या काचपट्टीवर तो क्षयाच्या जंतूसारखाच दिसतो. गिळण्याचा त्रास असलेल्या मुलाच्या थुंकीत असे जंतू आढळले, तर ते नेमके कोणते हे ठरवणारी चाचणी झाल्याशिवाय गोष्ट संपली असं धरू नये. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत ‘बारीक होण्यासाठी खात नाही’ हा शिक्काही बसतो. फरक साधा आहे: या मुलीला भूक असते, खायचं असतं, घास उतरत नाही.

एक प्रसंग मात्र अगदी वेगळा. धडधाकट मुलाला अचानक गिळता येईनासं झालं आणि लाळ गळू लागली, तर अन्ननलिकेत नाणं किंवा बटण सेल अडकलेला असू शकतो. बटण सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. तिथे निरीक्षण-नोंदी करत न बसता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं.

तपासणीला जाताना

डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस एका वहीत नोंद ठेवा. जेवण किती मिनिटं चाललं, काय अडकलं, पाणी किती लागलं, वर काय आलं आणि जेवणानंतर किती वेळाने, रात्री खोकला किती वेळा, छातीत दुखलं का. मूल जेवत असतानाचा एक-दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ दहा वाक्यांच्या वर्णनापेक्षा उपयोगी पडतो. वजन-उंचीची जुनी नोंद, शाळेतली असली तरी, सोबत न्या.

पहिली तपासणी बहुधा बेरियमची. मुलाला उभं करून किंवा बसवून पांढरं पातळ औषध पाजतात आणि एक, दोन व पाच मिनिटांनी एक्स-रे काढतात. निरोगी मुलात मिनिटाभरात ते जठरात गेलेलं असतं. अकॅलेशियात वर फुगलेली अन्ननलिका, तिच्यात उभा स्तंभ आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं टोक दिसतं. ही तपासणी आडवं झोपवून किंवा घाईत केली आणि वेळेनुसार चित्रं काढली नाहीत, तर सुरुवातीचा आजार निसटतो. म्हणून ‘ठरावीक मिनिटांनी एक्स-रे काढणार का’ हे आधी विचारून घ्यावं. साध्या छातीच्या एक्स-रेतही खूण मिळू शकते: जठरात एरवी दिसणारा हवेचा बुडबुडा दिसत नाही.

दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, करायलाच हवी. पण ती कशासाठी, हे समजून घ्या. सुरुवातीच्या अकॅलेशियात आतून सगळं ठीक दिसू शकतं. एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणून अकॅलेशिया नाही, असं म्हणता येत नाही. तिचं मुख्य काम इतर कारणं वगळणं. त्यात इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे अन्ननलिकेची अ‍ॅलर्जीमुळे येणारी सूज, सगळ्यात महत्त्वाची. ती डोळ्यांना दिसेलच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या उंचीवरून मिळून अस्तराचे किमान सहा बारीक तुकडे तपासायला घेतात.

निदान पक्कं करते ती मॅनोमेट्री. नाकातून एक लवचीक बारीक नळी जठरापर्यंत सोडतात. तिच्यावर सेंटिमीटर-सेंटिमीटरला दाब मोजणारे सेन्सर असतात. मुलाने थोडं थोडं पाणी साधारण दहा वेळा गिळायचं आणि संगणकावर लाट कुठपर्यंत गेली, झडप किती सैल पडली हे रंगांत दिसतं. यात झोपेचं औषध देता येत नाही, कारण गिळायचं मुलालाच असतं. पाच-सहा वर्षांवरची मुलं आधी नीट समजावलं तर हे करू शकतात: नळी जाताना नाकात झोंबेल, डोळ्यांत पाणी येईल, मग मान छातीकडे झुकवून पाण्याचे घोट घेतले की नळी उतरेल. ‘काही दुखणार नाही’ असं खोटं सांगितलं की मूल पहिल्याच क्षणी नळी ओढून काढतं. घरी दोन दिवस आधी पाच-पाच मिली पाणी चमच्याने एका घोटात गिळण्याचा सराव करून घ्यावा. फार लहान मुलांत बेरियम आणि एंडोस्कोपीवरच निर्णय घ्यावा लागतो.

मॅनोमेट्रीवरून आजाराचे तीन प्रकार ठरतात. पहिल्यात अन्ननलिका जवळजवळ निश्चल असते, दुसऱ्यात ती एकदम सगळीकडून दाबली जाते, तिसऱ्यात वेडेवाकडे जोरदार पेटके येतात. दुसरा प्रकार उपचारांना सर्वांत चांगला प्रतिसाद देतो. तिसऱ्यात स्नायू अधिक वरपर्यंत कापावा लागतो. त्यामुळे प्रकार कोणता, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असावं.

भूल देण्याआधीचा एक प्रश्न

मूल रडताना डोळ्यांत पाणी येतं का? हा प्रश्न विचारला जात नाही, आणि तो जीव वाचवू शकतो. काही मुलांचा अकॅलेशिया ट्रिपल-ए सिंड्रोम या जनुकीय आजाराचा भाग असतो. 1978 मध्ये ऑलग्रोव्ह आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. यात अकॅलेशिया असतो, अश्रू येत नाहीत आणि मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीराला सावरणारं संप्रेरक, पुरेसं बनवत नाही. अशा मुलाला ताप, उपास किंवा शस्त्रक्रियेचा ताण आला की साखर आणि रक्तदाब एकदम कोसळू शकतो. बाकीच्या खुणा: हिरड्या, बोटांची पेरं, तळहाताच्या रेषा काळसर होणं, सकाळी उपाशीपोटी झटके येणं, चालण्यात अडखळणं. आजार दोन्ही पालकांकडून दोषयुक्त जनुक मिळाल्यावर होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. आईवडील नात्यातले असतील तर ते न संकोचता सांगावं. सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल आणि एसीटीएच (ते बनवायला ग्रंथीला सांगणारं मेंदूकडचं संप्रेरक) तपासलं की ग्रंथीचा अंदाज येतो. दोष असेल तर शस्त्रक्रियेच्या वेळी स्टेरॉइडचं संरक्षण देतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांतही अकॅलेशिया जास्त आढळतो, आणि त्यांचं गिळणं ‘असंच असतं’ म्हणून सोडून दिलं जातं.

उपचार

मेलेल्या मज्जापेशी परत आणणारं औषध आज नाही. सगळे उपचार झडप सैल करण्याचे आहेत. अन्ननलिकेची लाट त्याने बहुधा परत येत नाही. हे आधीच कळलेलं असलं की शस्त्रक्रियेनंतरही मूल पाणी घेत-घेत जेवतं म्हणून निराशा होत नाही.

निफेडिपिनसारखी रक्तदाबाची औषधं थोडा वेळ झडपेचा दाब कमी करतात, पण डोकं दुखतं, रक्तदाब उतरतो. शस्त्रक्रियेची वाट पाहताना फार तर. बोटॉक्सचं इंजेक्शन झडपेत देतात, त्याचा परिणाम महिन्यांत ओसरतो आणि पुन्हा पुन्हा दिल्यास तिथे व्रण होऊन पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. मूल शस्त्रक्रियेला झेपणारं नसेल तरच ते योग्य वाटतं. फुग्याने झडप ताणणं हा जुना आणि अजूनही उपयोगी मार्ग आहे. मोठ्या मुलांत 30 ते 35 मिलिमीटरचा फुगा वापरतात, पण लहान मुलांत त्याचा गुण कमी टिकतो आणि थोड्या जणांत अन्ननलिका फाटण्याचा धोका असतो.

मुलांसाठी खरा निर्णय दोन शस्त्रक्रियांमधला आहे. एक हेलर मायोटॉमी, 1913 मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी पहिल्यांदा केलेली. आता ती पोटावर छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने होते. झडपेचे स्नायू बाहेरून उभे कापतात, आतलं अस्तर शाबूत ठेवतात. अन्ननलिकेवर पाच-सहा सेंटिमीटर आणि जठरावर दोन-तीन सेंटिमीटर एवढा छेद लागतो. जठराकडचा छेद आखूड राहिला तर त्रास उरतो. मग जठराचा वरचा भाग कापलेल्या जागेवर पुढून अर्धवट पांघरून शिवतात, म्हणजे आम्ल वर येत नाही.

दुसरी पोएम. जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी 2008 मध्ये ती माणसावर पहिल्यांदा केली. तोंडातून एंडोस्कोप घालून अस्तराला लहान छेद देतात, अस्तर आणि स्नायूंच्या मधून बोगदा काढत खाली जातात, आतून गोल स्नायू कापतात आणि बोगद्याचं तोंड क्लिपांनी बंद करतात. बाहेर टाका नाही, आणि तिसऱ्या प्रकारात लांब छेद घेता येतो. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने मुलांमधल्या पोएमचे अनुभव प्रसिद्ध केलेले आहेत. उणीव एक आहे: इथे जठराचं पांघरूण नसतं, म्हणून नंतर आम्ल वर येण्याचं प्रमाण हेलरपेक्षा जास्त. ज्याच्यापुढे साठ-सत्तर वर्षांचं आयुष्य आहे त्या मुलाच्या बाबतीत हा मुद्दा हलका नाही. तरी कोणती शस्त्रक्रिया, यापेक्षा ती करणाऱ्या चमूने मुलांमध्ये किती वेळा केली आहे याला जास्त वजन द्यावं. हा प्रश्न थेट विचारण्यात काहीच गैर नाही. सरकारी योजनेत बसतं का, हे महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे निदानाचे कागद घेऊन आधीच विचारा.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना ‘अन्ननलिकेत अन्न साचतं’ हे पुन्हा सांगा. नेहमीचा सहा तासांचा उपास इथे पुरत नाही. आधीचे एक-दोन दिवस फक्त पातळ आहार देतात आणि कधी नळीने अन्ननलिका धुऊन घेतात, नाहीतर भूल चढताना साचलेलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं.

घरचं जेवण

निदान ते शस्त्रक्रिया या काळात मूल वाळू न देणं हे मोठं काम असतं. मऊ भात-वरण-तूप, पेज, नाचणीची आंबील, मुगाची खिचडी, दह्यात कालवलेला भात, मिक्सरमधून काढलेली उसळ सहसा उतरते. अडकतात ते पाव, सुकी भाकरी, चिवट पोळी, मटणाचे तुकडे, सफरचंदाच्या फोडी, आणि विशेषतः साबुदाण्याची खिचडी, जिचा गोळा होतो. जेवताना कोमट पाणी द्या. गार पाण्याने पुष्कळ रुग्णांचा त्रास वाढतो. दिवसातून तीनऐवजी पाच-सहा लहान जेवणं. ताठ बसून खाणं, झोपायच्या तीन तास आधी शेवटचं जेवण, आणि शेवटी थोडं कोमट पाणी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उंच करा. नुसत्या उशा रचल्या तर मूल कमरेत दुमडतं आणि अन्न उलट वर येतं. औषधं शक्यतो सिरपच्या स्वरूपात मागा. लोहाची किंवा डॉक्सिसायक्लीन या अँटिबायोटिकची गोळी साचून राहिली तर तिथे जखम करते. शाळेत वर्गशिक्षिकेला एक चिठ्ठी द्या, म्हणजे मधल्या सुट्टीनंतर डबा संपवायला दहा मिनिटं जास्त मिळतील.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी एक्स-रे खाली पातळ औषध गिळवून गळती नाही ना हे पाहतात. मग पातळ, नंतर साधारण दोन आठवडे मऊ आहार. ताप, छातीत वाढणारं दुखणं, धाप किंवा मानेच्या कातडीखाली करकर लागली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. पुढच्या भेटींत डॉक्टर चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देतात: अडकणं, वर येणं, छातीत दुखणं, वजन घटणं. बेरीज तीन किंवा कमी म्हणजे उपचार लागू पडला. वाढत्या मुलात मात्र वजन घटलं नाही एवढं पुरेसं नसतं, ते वाढायला हवं, म्हणून दर तीन महिन्यांनी वजन-उंची तक्त्यावर मांडा. मूल काही तक्रार करत नसलं तरी बेरियम एकदा पुन्हा करून घ्यावा, कारण या मुलांना अडकलेल्या घासाची इतकी सवय झालेली असते की अर्धवट बरं होणंही त्यांना पूर्ण वाटतं. काही वर्षांनी त्रास परत आला तर छेद अपुरा होता का, व्रण झाला का, पांघरूण घट्ट बसलं का हे शोधून फुगा किंवा पोएम करता येतो, हेलर आधी झालेली असली तरी. आम्लाचा त्रास नसतानाही डॉक्टर सांगतील त्या अंतराने एंडोस्कोपी करत राहायची, आणि अठरा वर्षांनंतर मोठ्यांच्या पोटविकारतज्ज्ञाकडे जाताना पहिल्या मॅनोमेट्रीचा आणि शस्त्रक्रियेचा मूळ अहवाल फाइलमध्ये असायला हवा.